समुद्रावर कुणी बोलत नाही

जावईबापू,

अनारशांचा डबा अजून तिथेच आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीपाशी, तुमच्या त्या छोट्या रेडिओशेजारी. वैशालीने तो हलवला नाही, मीही नाही. ईरा येता-जाता त्याच्याकडे बघते. काल तिने विचारलं, "आजी, आर दोज स्टिल बाबाज?" मी नुसती मान हलवली. इंग्रजीत उत्तर द्यायला मला येत नाही.

तुम्हाला मी आजवर कधी काही लिहिलं नव्हतं. तोंडावर तरी कुठे बोलले? तुम्ही समोर आलात की मी पदर नीट करायची आणि चहा ठेवायला उठायची. तुम्ही हसायचात. "आई, मी इन्स्पेक्शनला नाही आलो, बसा ना." तरी मी उठायचीच. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला नदी ओलांडून जावं लागे, म्हणून वडिलांनी नाव काढलं. त्यामुळे लिहिते, पण हळू लिहिते. आता घाई कुणाला आहे.

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही घेणार नाही.

मला अजून समजत नाही, जावईबापू. सकाळी उठते तेव्हा थोडा वेळ काहीच झालेलं नसतं. खालून कॉफीच्या यंत्राचा आवाज येत नाही, तेव्हा आठवतं. मग जिन्यातच बसते. माणूस गाडी स्वच्छ करायला बाहेर जातो आणि आत येत नाही, हे काय आहे? तुम्हाला साधा बीपीचा त्रास नव्हता. गोळ्या मी खाते. डॉक्टर वैशालीला म्हणाले, असं होतं कधीकधी. एवढंच. इतक्या मोठ्या देशात, इतकी यंत्रं असलेल्या दवाखान्यात, त्यांच्याकडे सांगायला एवढंच होतं.

मला सारखं आपलं पहिलं विमान आठवतं. ईराच्या वेळचं. वैशालीचे दिवस भरत आले होते आणि मला न्यायला तुम्ही स्वतः गावी आलात. तुमचं ते नागपूरचं बोलणं ऐकून आमच्या गल्लीतल्या बाया हसत होत्या. "काय करून राहिल्या आई? चला ना, फ्लाईट आपल्यासाठी थांबत नाही." विमान वर उठलं तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की माझी बांगडी वाढली. काचेचा तुकडा तुमच्या बाहीला लागला. तुम्ही तुकडे गोळा करून कागदी रुमालात बांधलेत आणि माझ्या कानांवर ते हेडफोन चढवलेत.

मला वाटलं भजन लावाल. कानात दोन पुरुष इंग्रजीत बोलत होते. एक बोलला की दुसरा, मग पहिला गप्प.

"हे कोण?" मी विचारलं.

"एक आपला पायलट. दुसरा खाली जमिनीवर बसलेला माणूस. त्याच्या पडद्यावर आपलं विमान दिसून राहिलंय."

"आणि आपण ऐकलेलं त्यांना चालतं?"

"या पायलटला चालतं. प्रत्येक विमानात नसतं हे, आई. त्याने चालू ठेवलं तरच. लकी आहात तुम्ही."

मला शब्द कळत नव्हते. पण मी ऐकत राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि कारण त्यांच्यापैकी कुणीही घाबरलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी ती तुम्हाला सांगितली. आपण होऊन तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. मी म्हणाले, "खालचा जे बोलतो, तेच हा परत म्हणतो."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जशी मी परीक्षा पास झाले. "अगदी बरोबर. तो नियमच आहे. नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नाही. जे सांगितलं ते पूर्ण परत म्हणायचं आणि शेवटी आपल्या विमानाचा नंबर लावायचा. मग खालच्याला कळतं की नीट पोचलं. तोपर्यंत तो सोडत नाही."

आमच्याकडे वडीलधारे काही सांगत तेव्हा बायकांनी खाली बघून 'हं' म्हणायचं असे. मी जन्मभर 'हं' म्हणत आले. ऐकलेलं पूर्ण परत म्हणणं हा मानाचा नियम असू शकतो, हे मला आकाशात कळलं.

थोड्या वेळाने एकाने काहीतरी आकडे सांगितले, आपल्या पायलटने ते परत म्हटले आणि "गुड डे" म्हणाला. मग वेगळाच आवाज आला. मी दचकले. तुम्ही सांगितलंत, त्या माणसाची हद्द संपली, आता त्याने आपल्याला पुढच्याच्या हाती दिलं. असंच शेवटपर्यंत. मध्ये कुणी वाऱ्यावर सोडत नाही.

"मग पहिला परत भेटत नाही?"

"नाही."

"आणि निरोप एवढाच? गुड डे?"

"अजून काय पाहिजे तुम्हाला, नारळ?"

मी विमानात मोठ्याने हसले. पुढच्या खुर्चीवरच्या बाईने वळून बघितलं. जावयासमोर दात दाखवून हसले म्हणून मग मला लाज वाटली आणि मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे समुद्र आला आणि कानातलं बोलणं थांबलं. नुसता खर्र आवाज. मी घाबरून तुमच्या हाताला हात लावला. तुम्ही म्हणालात, "समुद्रावर कुणी बोलत नाही आई. कुणाचा आवाज पोचत नाही एवढ्या लांब. पण आपण कुठे असणार, हे त्यांना माहीत असतं. आवाज परत आले की समजा, कॅनडा लागला."

तेव्हापासून तुम्ही मला कॅप्टन म्हणायला लागलात.

घरात तो खेळच झाला. ब्रॅम्पटनची बस मला तुम्ही अशीच शिकवलीत. "गुरुद्वाऱ्याच्या पुढचा स्टॉप, पिवळी दोरी ओढायची, लायब्ररीसमोर उतरायचं. परत म्हणा, कॅप्टन." मी भाजी चिरता चिरता परत म्हणायची. वैशाली चिडायची. "अरे, माझी आई आहे ती, तिची व्हायवा काय घेतोस?" पण तुम्ही समोर नसताना मी बसमध्ये मनात तेच म्हणत बसायची आणि कधी चुकले नाही. रविवारी तुम्ही मला आणि ईराला विमानतळाच्या कुंपणाशी न्यायचात. गाडीत पायलटांचं बोलणं पकडणारा तो छोटा रेडिओ, थर्मासमध्ये चहा, मी केलेली थालीपीठं. एवढा शिकलेला माणूस सुट्टीच्या दिवशी कुंपणाला टेकून लोकांची विमानं ऐकत बसतो, याचं आधी मला नवल वाटे. नंतर मीच विचारायला लागले, आज जायचं नाही का.

भांडण आपलं एकच होतं. तसं ते भांडणही नव्हतं, कारण मी भांडत नव्हते. तुम्ही म्हणायचात, इथेच राहा. मी म्हणायची, बघू. वैशालीचे वडील गेल्यापासून गावात मी एकटी, हे खरं. मुलगा नाही, हेही खरं. पण मुलीच्या घरी चार-सहा महिने यायचं आणि मानाने परत जायचं, हे माझ्या हाडात बसलेलं. माझ्या आईने तर माझ्या घरचं पाणीसुद्धा नातवंड होईपर्यंत घेतलं नव्हतं.

"मग मुलाच्या घरी राहा," तुम्ही म्हणायचात. "मी काय परका आहे?"

"तुम्ही जावई."

"अर्धा तरी मुलगा धरा. अर्ध्या घरात राहा. बेसमेंट तुम्हाला भाड्याने देतो. भाडं रोज एक भाकर, करपलेली चालेल."

माझी भाकरी इथल्या शेगडीवर करपायची, त्यावर हे. आणि मी हसून ताट उचलायची. तुम्ही मागून ओरडायचात, "बघू हे उत्तर नाही, कॅप्टन."

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाचा मान असतो, त्याला अनारशांचं वाण द्यायचं असतं. आजवर ते मी गावाहून पाठवलं नाही, कारण पोचता पोचता भुगा होतो. या वेळी ठरवलं, आपण स्वतः न्यायचे. तांदूळ भिजवून, कांडून, गूळ घालून पीठ मुरवलं. रिवाजाप्रमाणे मोजून डब्यात भरले, वर दोन जास्तीचे, ईरासाठी. डबा सामानात टाकला नाही. मांडीवर धरून आणला.

मुंबईच्या विमानतळावर चाकाची खुर्ची घेतली. मला चालता येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गावाकडच्या सगळ्या बाया घेतात, पायांसाठी नव्हे, भाषेसाठी. खुर्ची ढकलणारा मुलगा बरोबर दारापर्यंत नेतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. ही युक्तीही तुमचीच. दारापाशी बसले होते तेव्हा तुमचा फोन आला.

"आई, ऐका. दोन गोष्टी. एक, विमानात ते पायलटांचं चॅनल असलं तर लावा. समुद्रावर कुणी बोलणार नाही, घाबरायचं नाही. उतरल्यावर डब्याबद्दल विचारलं तर 'स्वीट्स फॉर सन-इन-लॉ' म्हणायचं. बाहेर मी उभा आहे. परत म्हणा."

मी परत म्हटलं. सगळं.

"शाब्बास. आता दुसरी. या वेळी परतीचं नाव काढायचं नाही. वैशू लॅपटॉपपुढून उठत नाही. हातात ताट दिल्याशिवाय जेवत नाही. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुम्ही इथे राहा. बेसमेंटात नाही, वरच्या खिडकीच्या खोलीत. ती मी रंगवून ठेवली आहे. परत म्हणा."

मी म्हणाले, "बघू."

"आई."

"आल्यावर सांगते."

"प्रॉमिस?"

"आल्यावर सांगते म्हणाले ना." आणि खुर्चीवाला मुलगा आला.

विमानात ते चॅनल होतं. मला किती आनंद झाला, काय सांगू. शेजारी तुम्ही नव्हता, पण कानात तुमची माणसं होती. मुंबईने आम्हाला पुढच्याच्या हाती दिलं, त्याने त्याच्या पुढच्याच्या. प्रत्येकाने परत म्हटलं, प्रत्येकाने गुड डे म्हटलं. मग समुद्र आला आणि तो खर्र आवाज. मी घाबरले नाही. हेडफोन काढलेही नाहीत. त्या शांततेत मी माझं उत्तर पक्कं केलं. मी राहणार होते. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. दार उघडून बाहेर आले की आधी डबा तुमच्या हातात द्यायचा आणि मान वर करून, चहा न ठेवता, पूर्ण वाक्य म्हणायचं. मी ते ओठांत घोळवत होते. शेजारचा माणूस समजला, मी जप करते.

वैशाली सांगते त्यावरून, ते तेव्हाच. मी समुद्रावर होते तेव्हा.

तुम्ही ड्राइव्हवेवर गाडी व्हॅक्यूम करत होता, मी बसणार म्हणून. दारं सगळी उघडी आणि आत रेडिओ चालू. शेजारच्या बलजीतने आधी तो रेडिओ ऐकला. तिला वाटलं तुम्ही कुणाशी बोलताय. मग तिला तुम्ही दिसलात.

आणि इकडे माझ्या कानात आवाज परत आले. पहिला आवाज एका बाईचा होता, शांत, सकाळी देवाजवळ बोलावं तसा. मला वाटलं, लागला कॅनडा. आमच्या विमानाचा नंबर तिने घेतला, आमच्या पायलटने परत म्हटला. मी डबा मांडीवर नीट धरला. त्यानंतर खाली येईपर्यंत किती माणसं बोलली, जावईबापू. उंची सांगत होती, दिशा सांगत होती, वारा सांगत होती. सगळं आकाश बोलत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ते त्यांचं काम नव्हे. हे मला कळतं. तरी मला त्यांचा राग येतो. एवढं सगळं दिसतं त्यांना, आणि एक माणूस जमिनीवर पडलेला दिसला नाही.

विमानतळावरच्या साहेबाने डब्याकडे बोट केलं. मी म्हणाले, "स्वीट्स. फॉर सन-इन-लॉ." तो हसला. "लकी गाय," म्हणाला. तेवढं इंग्रजी मला कळलं. मीही हसले.

मी हसले, जावईबापू. हे मला कुठे ठेवावं कळत नाही.

बाहेर बलजीत उभी होती. मी तिच्या मागे बघत राहिले. तुम्ही खांबाआड लपायचात ना, ईराला घेऊन. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "वो नहीं आये?" ती म्हणाली, "पहले घर चलते हैं, आंटी जी. घर पे सब हैं." 'सब' ऐकून मला बरं वाटलं. गाडीत तिने माझा हात धरून ठेवला होता. पंजाबी बाया मायाळू असतात, असं मला वाटलं.

दाराशी चपला-बुटांचा ढीग होता. मला वाटलं, अधिक महिना म्हणून पूजा ठेवलीत. मला न सांगता ठेवलीत म्हणून मनात रागावलेसुद्धा. अंगावर प्रवासाचं लुगडं आणि एवढी माणसं. केस सारखे केले. आत गेले तर वैशाली जमिनीवर बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं. "आई, तो नाही राहिला गं."

मी म्हणाले, "मी त्यांच्यासाठी अनारसे आणलेत."

हेच म्हणाले. दोनदा म्हणाले, म्हणे. जसं काही तिच्याकडून हिशेबात चूक झाली होती आणि डबा दाखवला की ती दुरुस्त होणार होती.

इथे माणसाला कोट घालून पेटीत ठेवतात. मी तुम्हाला हाफ पँटीतच जास्त बघितलं आहे. तो इस्त्रीचा माणूस मला परका वाटला. गावी असते तर मी मागे बायकांत उभी राहिले असते. इथे कुणी मागे-पुढे म्हणत नाही. मी जवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्याकडे सरळ, हवा तितका वेळ बघितलं. तुमच्या भुवईत एक पांढरा केस होता. तो मला आधी कधीच दिसला नव्हता.

मग सगळे आपापल्या घरी गेले. बलजीत डाळ आणून ठेवते, वैशाली ती झाकून फ्रिजमध्ये ठेवते. पुन्हा लॅपटॉपपुढे बसते. काम करत नाही, नुसती बसते. मी ताट वाढून टेबलावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. तिचं घर, तिचं दुःख. आपण किती मध्ये पडावं, हा माझा जुना संकोच. ताट तसंच राहायचं. आज दुपारी ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "आई, तुझं परतीचं तिकीट पुढे ढकलून घेऊ का थोडं? की जायचंय तुला?"

माझ्या तोंडात 'बघू' आलं होतं. अगदी ओठांवर.

तेवढ्यात ईराने ओट्यावरचा रेडिओ लावला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. खर्र झालं आणि मग एक आवाज, मग दुसरा. कुणीतरी कुणालातरी उतरायला सांगत होतं, तो परत म्हणत होता. वैशाली ओरडली, "ईरा, टर्न इट ऑफ." ईरा म्हणाली, "बट इट्स रविवार." आणि तिने तो बंद केला नाही.

मी ताट उचललं आणि वैशालीच्या हातात दिलं. टेबलावर ठेवलं नाही. हातात दिलं आणि ती धरेपर्यंत सोडलं नाही. मग मी मान वर करून म्हणाले, "वैशाली लॅपटॉपपुढून उठत नाही. हातात ताट दिल्याशिवाय जेवत नाही. नवऱ्याचं ऐकत नाही, माझं ऐकते. मी इथे राहते. बेसमेंटात नाही, वरच्या खिडकीच्या खोलीत. ती रंगवून ठेवली आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं ही वाक्यं कुणाची आहेत. तिच्यासमोरच तर तुम्ही फोन केला असणार.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. सगळं, पहिल्यापासून. एक शब्दही चुकले नाही. ती रडत रडत जेवली. डाळ खारट झाली होती. ईरासाठी मी डबा उघडला आणि वरच्या दोनांतला एक तिच्या हातावर ठेवला. बाकीचे तुमचे आहेत, ते मी मोजलेले आहेत.

तर जावईबापू, आल्यावर सांगते म्हणाले होते, ते सांगितलं. तुम्ही जे दिलंत ते मला नीट पोचलं. पुढची हद्द माझी. नियमाप्रमाणे पहिला माणूस आता मोकळा होतो. शेवटी जे दोन शब्द म्हणायचे असतात तेही मला ठाऊक आहेत. सोपे आहेत, ईरासुद्धा शाळेच्या बसवाल्याला रोज म्हणते.

तेवढे मला अजून म्हणवत नाहीत.